शब्द राहतो कुठे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



एका कागदावर ‘दत्त दत्त दत्त’ असं लिहिलं, तर त्या कागदावर शब्द किती झाले? शाळेतला नातू म्हणेल, तीन. माळ ओढणारी आजी म्हणेल, अरे शब्द एकच, तीनदा लिहिलाय. दोघांचंही बरोबर आहे. आणि दोघांचंही बरोबर असेल, तर मग शब्द म्हणजे नक्की कोणती वस्तू, हा प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो.

हा पंडितांचा वाद आहे, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा जवळ आली आणि सप्ताहाची तयारी सुरू झाली, की आपल्या देवळाच्या ओट्यावर जे प्रश्न निघतात ते आठवून पाहा. पोथी जीर्ण झाली, पानं गळाली, ती प्रवरेत सोडावी का? एकाच्या गुरुचरित्रात बावन्न अध्याय, दुसऱ्याच्यात त्रेपन्न. मग खरं गुरुचरित्र कुठलं? मोबाईलवर पारायण लावून ठेवलं तर ते घडलं म्हणायचं का? आणि चौथा प्रश्न बायाबापड्या हळूच विचारतात: अर्थ कळत नाही हो, तरी वाचावं का?

हे चारही प्रश्न एकाच खुंटीला टांगलेले आहेत. शब्द असतो म्हणजे काय, आणि तो असायला काय काय लागतं? मी काही शास्त्री नव्हे. शाळेत भाषा शिकवली, निवृत्त झालो, आणि मग पोथीपुढे बसायला वेळ मिळाला. जे वाचलं, ऐकलं आणि घरात पाहिलं, ते क्रमाने मांडतो. पटेल तेवढं घ्यावं.

तीन की एक?

नातू आणि आजीचा हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसेवर शबरस्वामींचं भाष्य आहे. त्यात ते साधी बोलण्याची रीत दाखवतात. कुणी ‘गाय’ हा शब्द आठ वेळा उच्चारला, तर आपण ‘गाय हा शब्द आठदा म्हटला’ असं बोलतो. ‘गाय नावाचे आठ शब्द म्हटले’ असं कुणी बोलत नाही. म्हणजे शब्द एकच आहे, उच्चार आठ झाले. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. आपण तो निर्माण करत नाही, फक्त उघड करतो. अंधाऱ्या खोलीत दिवा नेला की भिंतीवरचं चित्र दिसतं. दिवा गेला की दिसत नाही, पण चित्र तिथेच असतं.

नैयायिकांना हे मान्य नव्हतं. ते म्हणतात, शब्द हा ध्वनी आहे. तळ्यात खडा टाकला की एक लाट दुसरीला ढकलत काठापर्यंत येते, तसा ध्वनी ओठांपासून कानापर्यंत येतो आणि तिथे संपतो. दुसऱ्यांदा म्हटलेला ‘गाय’ हा नवा शब्द आहे. पहिल्यासारखा आहे म्हणून आपल्याला तोच वाटतो, इतकंच.

दोन्ही बाजूंनी शेकडो वर्षं ग्रंथ लिहिले गेले. आपण गृहस्थांनी निकाल देण्याच्या भरीस पडू नये. पण आपल्या तालुक्यातलं एक उदाहरण मला इथे नेहमी आठवतं, ते पेमगिरीच्या वडाचं. तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे, की एकरांवर पसरलेल्या त्या वडाखाली उभं राहिलं म्हणजे खोडंच खोडं दिसतात. पारंबी खाली आली, जमिनीत रुजली, खोड झाली. त्या खोडाच्या फांदीला पुन्हा पारंबी. मोजायला बसलं तर झाडं अनेक. पण पेमगिरीत कुणी ‘वड आहेत’ म्हणत नाही, ‘वड आहे’ म्हणतात.

गुरुचरित्राचं तसंच समजावं. तुमच्या घरची बावन्न अध्यायांची पोथी आणि शेजाऱ्याची त्रेपन्न अध्यायांची, या एकाच वडाच्या पारंब्या. कुठे अवतरणिका वेगळी धरली, कुठे एखादा अध्याय जास्तीचा आला, एवढ्याने वड दोन होत नाहीत. मात्र पारंबीचा सांधा मूळ झाडाशी पाहिजे, ही अट राहतेच. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत हातांनी उतरवता उतरवता तिच्या प्रतींत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली नाथमहाराजांनी प्रती ताडून पाहून ती शुद्ध केली. सगळेच पाठ खरे आणि कसंही चालतं, असं मानलं असतं तर नाथांनी इतके कष्ट घेतले नसते.

मडकं आणि शब्द

पतंजलींनी व्याकरण-महाभाष्याच्या आरंभी हाच प्रश्न घेतला आहे. ‘गाय’ म्हटल्यावर यातला शब्द कोणता? गळ्याखाली लोंबणारी पोळी, शेपूट, वशिंड, खूर, शिंगं असलेलं ते जनावर म्हणजे शब्द का? नाही, ती वस्तू झाली. तिचा रंग, तिचं हलणं, तेही शब्द नव्हे. मग शेवटी ते सांगतात, की जो उच्चारल्याबरोबर त्या पोळीवाल्या, शिंगांवाल्या जनावराचं ज्ञान होतं, तो शब्द. म्हणजे नुसता आवाज पुरत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काही उजळलं पाहिजे.

तिथेच त्यांनी आणखी एक गमतीची गोष्ट सांगितली आहे. ज्याला मडकं हवं असतं तो कुंभाराकडे जातो आणि म्हणतो, मला मडकं करून दे. पण ज्याला शब्द वापरायचा असतो, तो काही वैयाकरणाच्या दारात जाऊन ‘मला शब्द करून द्या, वापरायचे आहेत’ असं म्हणत नाही.

आपल्या महाराष्ट्रात याची परीक्षा झालेली आहे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द ठेवले. अष्टप्रधानांत सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. पुढे काय झालं? डबीर आणि सुमंत हे दोघंही आता आडनावांतच भेटतात. सुरनीसही तसाच. सचिव मात्र गावच्या सोसायटीपासून मंत्रालयापर्यंत जिवंत आहे. चौघांची योग्यता सारखी, राजाज्ञाही होती. पण कोण जगणार हे पुढच्या माणसांच्या तोंडाने ठरवलं. करणारा कितीही थोर असो, शब्दाला उचलणारी तोंडं लागतात.

आपल्या संगमनेरचं उदाहरण घ्या. शाहीर अनंत फंदी इथलेच. त्यांचं आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी त्यांचा स्नेह होता, त्यावरून लोक त्यांना ‘फंदी’ म्हणू लागले, असं सांगतात. आज गावात त्यांच्या नावाची व्याख्यानमाला भरते ती अनंत फंदींच्या नावाने. घोलप हे आडनाव अभ्यासकांनाच ठाऊक. कागदावरचं नाव एक, आणि लोकांनी दिलेलं नाव दुसरं. दोनशे वर्षं कुठलं टिकलं ते आपण पाहतोच आहोत.

प्रवरेकाठची खापरं

आता थोडं नदीबरोबर खाली जाऊ. आपली प्रवरा म्हाळुंगीला पोटात घेऊन पुढे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला पोचते. तिथे १९७४ साली शेतकऱ्यांना जमिनीत काशाच्या मूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. पुढे रीतसर उत्खनन झालं, तेव्हा मातीच्या मुद्रा आणि खापरं निघाली, आणि त्यांतल्या काहींवर सिंधू संस्कृतीच्या लिपीतली चिन्हं मिळाली.

ती चिन्हं आजवर कुणाला खात्रीने वाचता आलेली नाहीत. विचार करा: कुणीतरी ती मुद्दाम कोरली. त्यात एखाद्या माणसाचं नाव असेल, देवाचं असेल, मालाचा हिशेबही असेल. चार हजार वर्षं खापर टिकलं, रेघा टिकल्या, आणि शब्द मात्र तिथे नाही. शब्दाचा पायपोस उंबऱ्यापाशी राहावा आणि माणूस घरातून निघून जावा, तसं ते खापर आहे.

याच्या उलट प्रकार आपल्याच भाषेत घडलेला आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने पाहिलं-ऐकलं त्याला विचारून गोळा केल्या. ते लीळाचरित्र. श्रीदत्तात्रेयप्रभूंना पंचकृष्णांत मानणारा हा पंथ, म्हणून आपल्यालाही तो जवळचा. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. पण लीळा गेल्या नाहीत. ज्यांच्या त्या पाठ होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, पुन्हा लिहून घेतल्या. त्यात हिराइसा या बाईंच्या मुखातला पाठ प्रसिद्ध आहे. म्हणजे पोथी नव्हती तेव्हाही ग्रंथ होता, आणि तो एका बाईच्या कंठात होता.

याच पंथाने नंतर आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या मठांत शेकडो वर्षं व्यवस्थित होत्या. पण बाहेरच्या माणसाला त्या म्हणजे दायमाबादची खापरंच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, आणि मग बाहेरच्या महाराष्ट्राला आपल्या भाषेतलं केवढं जुनं धन मठांत पडून होतं ते कळलं. त्या पोथ्यांमध्ये एक अक्षरही वाढलं नव्हतं. वाढला तो वाचणारा.

तुकोबांच्या गाथेचीही आठवण इथे होते. इंद्रायणीने तेराव्या दिवशी वह्या कोरड्या परत दिल्या, ही आपली श्रद्धा. लोकांच्या तोंडी अभंग होते म्हणून ते बुडालेच नाहीत, असंही कुणी सांगतो. मला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही. देव तारतो तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या मुखातूनच तारतो.

देह तोच, अर्थ हललेला

धारक पाहिजे म्हटलं, तरी धारक बदलला की शब्द तसाच राहतो का?

विहिरीवर मोट चालायची तेव्हा नाडा, सोंदूर, धाव हे रोजचे शब्द होते. मोटेचं पाणी ज्या कुंडीत पडायचं आणि तिथून पाटाला लागायचं, त्या कुंडीला ‘थारोळं’ म्हणत. प्रवरेचे कालवे आले, विजेच्या मोटारी आल्या, मोट गेली. नाडा आणि सोंदूर माहीत असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढची. पण थारोळं गेलं नाही. ते रोज वर्तमानपत्रात आहे: ‘रक्ताच्या थारोळ्यात’. ज्या शब्दात कधी उसाला जाणारं गार पाणी खळाळत होतं, तो शब्द आज नुसत्या अपघाताच्या बातमीत उरला आहे. बातमी लिहिणाऱ्याने थारोळं कधी पाहिलेलं नसतं.

पोथीतही असंच होतं. सिद्धमुनी नामधारकाला कथा ‘निरोपितात’. तिथे निरोपणं म्हणजे उलगडून सांगणं. निरूपण या शब्दाशी त्याचं नातं. आज निरोप म्हणजे पाठवलेला सांगावा, नाहीतर बदली झालेल्या साहेबाचा निरोप समारंभ. अक्षरं तीच. वाचणारा आजचा अर्थ मनात धरून पुढे गेला, तर त्याने ओवी म्हटली हे खरं, पण त्या ओवीतल्या शब्दाची आणि त्याची भेट झाली नाही.

म्हणून ‘अर्थ कळत नाही तरी वाचावं का’ याला माझं उत्तर असं, की वाचावं, जरूर वाचावं. कारण न कळता जपलेला शब्द निदान पुढच्याच्या हाती पोचतो, आणि पुढच्याला तो कळू शकतो. वेदपाठी घराण्यांनी असंच केलं. पण रोज एका शब्दाचा तरी अर्थ विचारून घ्यावा. एक शब्द विचारायला कुणाला लाज वाटू नये.

अण्णांची वाचा

आता घरातलं सांगतो. आमचे वडील, अण्णा, चाळीसेक वर्षं नेमाने गुरुचरित्र वाचायचे. त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. समोर तांब्या दिसे, हात तिकडे करत, पण ‘पाणी’ हा शब्द येत नसे. नुसतं ‘ते… ते…’ आणि मग डोळ्यांत पाणी. आम्ही ‘पाणी का?’ म्हटलं की जोरजोरात मान हलवत. ज्या माणसाने आयुष्यभर खणखणीत आवाजात पोथी वाचली, त्याला असं पाहणं फार कठीण होतं. माझ्या मनात एकच प्रश्न फिरायचा: यांचे शब्द गेले कुठे? आहेत, का संपले?

संध्याकाळी आई देवापुढे आरती म्हणायची. आठवडाभराने एका संध्याकाळी दुसऱ्या ओळीला अण्णांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. बोबडा होता, पण शब्द सगळे होते. आरती संपली आणि पुन्हा ‘ते… ते…’. आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की असं अनेक रुग्णांत दिसतं. आपल्या इच्छेने शब्द जुळवून बोलणं एका वाटेने होतं. लहानपणापासून घोटलेली प्रार्थना, गाणं, आकडे हे दुसऱ्या वाटेनेही येऊ शकतात. पुढे मी वाचलं, की १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यवैद्याने असाच एक रुग्ण अभ्यासला होता. त्याला समजायचं पुष्कळ, पण तोंडातून ‘टॅन’ एवढंच निघायचं. तो वारल्यावर मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. बोलण्याचं केंद्र शोधण्याची सुरुवात तिथून झाली.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात पुतण्या अण्णांच्या खाटेशी बसून पोथी वाचत होता. जुनी पोथी, तेलाचा हात लागून दोन पानं एकमेकांना चिकटलेली. ती एकदम उलटली गेली. कथा तुटली हे वाचणाऱ्याला कळलं नाही, आम्हा ऐकणाऱ्यांनाही नाही. अण्णांनी डाव्या हाताने खाटेच्या कडेवर टकटक केलं. थांबेचनात. शेवटी आई म्हणाली, ‘अरे, मागे बघ, काहीतरी राहिलंय.’ पान सोडवलं, वाचन तिथून सुरू झालं, तेव्हा हात थांबला.

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या टकटकीत मिळालं. ‘पाणी’ हा शब्द त्यांच्यात होता. आम्ही म्हटला की ते ओळखत होते. पोथी तर अख्खी होती. बाहेर यायची वाट बंद झाली होती. म्हणजे उच्चार म्हणजे शब्द नव्हे. उच्चार हे शब्दाचं दार आहे. ब्रोकाने दाराची जागा शोधली. घर केवढं आहे ते त्याने सांगितलं नाही.

कारंज्याचा मुका मुलगा

आपल्या पूर्वजांनी या घराच्या चार खोल्या सांगितल्या आहेत: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. ऋग्वेदातच म्हटलं आहे, की वाणीचे चार भाग आहेत. त्यांतले तीन गुहेत लपलेले, आणि माणसं बोलतात तो चौथा. वैखरी म्हणजे ओठांवरची. मध्यमा म्हणजे मनातल्या मनात चाललेली, शब्द आहेत पण आवाज नाही. पश्यंतीत शब्द अजून सुटे झालेले नाहीत, सगळं एकदम दिसतं. परा त्याच्याही मुळाशी. अण्णांची वैखरी गेली होती, मध्यमा शाबूत होती, असं मी स्वतःला समजावलं. हे डॉक्टरांच्या भाषेशी तंतोतंत जुळतं असा माझा दावा नाही; पण घरातल्या माणसाशी कसं वागावं ते मला यातून कळलं. आम्ही त्यांच्याशी बोलणं थांबवलं नाही.

आणि गुरुचरित्रातलीच गोष्ट पाहा. कारंज्याला माधव आणि अंबाभवानी यांच्या पोटी नरहरी जन्मला. जन्मताच ॐकार उच्चारला, आणि नंतर मुंजीपर्यंत दुसरा शब्द नाही. लोक म्हणाले मूल मुकं आहे. आईबापांनी किती दुःख केलं ते आपण दरवर्षी वाचतो. मुंज झाली, मातेने भिक्षा घातली, आणि त्या मुखातून वेद बाहेर पडले. आपण ही कथा चमत्कार म्हणून ऐकतो, ते योग्यच. पण तिच्यात शब्दाविषयीचा एक धडाही आहे. त्या मौनाच्या वर्षांत वेद कुठे गेले नव्हते. ते प्रसंगाची वाट पाहत होते. आणि प्रसंग कोणता? एकाने पुढे केलेला हात, दुसरीने घातलेली भिक्षा. घेणारा आणि देणारा समोरासमोर आले, तेव्हा वाणी फुटली.

नेवाशाचा आरसा

प्रवरा आणखी खाली नेवाशाला जाते. तिथे ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तिथेच अमृतानुभव झाला असं परंपरा मानते. त्याचं सहावं प्रकरण आहे ‘शब्दखंडन’. नाव खंडनाचं, पण आरंभी माउली शब्दाची थोरवीच गातात. शब्द हा आठवण देणारा दाता आहे. ज्याला रूप नाही ते दाखवणारा आरसा आहे. साध्या आरशात दिसायला वस्तूला रूप लागतं. शब्दाच्या आरशात माया, कीर्ती, पुण्य, देव हेही दिसतात.

आणि मग खंडन. आठवण कुणाला करून द्यायची? जो विसरला त्याला. पण जे आत्मतत्त्व स्वतःला कधी विसरलेलंच नाही, त्याला शब्द काय आठवण देणार? सूर्य दाखवायला निरांजन घेऊन निघावं, तशी शब्दाची तिथे गत होते. तिथे शब्द स्वतःच मावळतो.

यावरून शब्दाचं स्थान मला नीट उमगलं. मीमांसक म्हणतात तसा तो आपल्या आधीही होता आणि नंतरही असेल, किंवा नैयायिक म्हणतात तसा क्षणाचा असेल. पण त्याचं काम आठवण करून देण्याचं आहे, आणि आठवणीला आठवणारा लागतो. देवाला शब्दाची गरज नाही. गरज आपल्याला आहे, कारण विसरतो आपण.

नामधारक

सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र रचलं ते संवादाच्या रूपाने. सांगणारे सिद्ध, आणि ऐकणारा कोण? त्याची ओळखच ‘नामधारक’ अशी आहे. नाम धारण करणारा. अख्ख्या ग्रंथात त्याचं काम काय? तो विचारतो, ऐकतो, पुढे काय झालं म्हणतो. त्याने विचारलं नसतं तर सिद्धांनी सांगितलं नसतं, आणि आपल्या देव्हाऱ्यात ती पोथी नसती. शब्द असायला काय लागतं, याचं उत्तर त्या एका नावात मिळतं, असं मला वाटतं. धारण करणारा लागतो, त्याला देणारा लागतो, आणि दोघांमध्ये अर्थाचा धागा लागतो. कागद, शाई, आवाज, यंत्र ही सगळी वाहनं.

आता सुरुवातीच्या प्रश्नांपैकी दोन राहिले.

जीर्ण पोथी नदीत सोडावी का? आधी तिच्यातलं काय आपल्या घरात कुणाच्या तोंडी आहे ते पाहावं. पणजोबांच्या हाताच्या नोंदी, समासातल्या खुणा, कडेला लिहिलेली जन्म-मृत्यूची तिथी असेल, तर तिचे फोटो काढून ठेवावेत, कुणाकडून उतरवून घ्यावं. हस्तलिखित असेल तर पोथ्या सांभाळणाऱ्या संस्थेला किंवा जाणकाराला दाखवावं. लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेली पोथी वाळवीच्या तोंडी जाते, आणि वाळवीला अक्षर आणि कागद यांत फरक कळत नाही.

मोबाईलवरचं पारायण घडतं का? समोर बसून मन लावून ऐकलं तर ते श्रवण आहे, आणि नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. दृष्टी गेलेल्यांना, अंथरुणावर पडलेल्यांना तो मोठाच आधार आहे. त्यांना कुणी हिणवू नये. पण रिकाम्या खोलीत मोबाईल बोलत राहिला आणि घर बाजाराला गेलं, तर तो आवाज झाला. खापरावरच्या रेघा आणि तो आवाज, दोघांनाही धारक नाही.

आमचे अण्णा पुढच्या चैत्रात गेले. आईला अक्षरओळख बेताची. तिने पोथी कधी हातात धरून वाचली नाही. चाळीस वर्षं चुलीशी, भाजी निवडताना, वाती वळताना ऐकली. आता सप्ताहात आम्ही वाचतो आणि ती ऐकते. पुण्याच्या नातवाची जीभ जोडाक्षरात अडली, की ती पुढचा शब्द सांगते. नातू म्हणतो, ‘आजी, तुला कसं येतं?’ ती म्हणते, ‘मला कुठं येतंय? ऐकलंय नुसतं.’

म्हणून या सप्ताहात वाचक भक्तांना एक विनंती आहे. वाचायला एकटे बसू नका. घरातलं एक लहान माणूस शेजारी बसवा, सगळे अध्याय नकोत, रोजची दहा मिनिटं पुरेत. त्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर पोथीवर बोट ठेवून थांबा आणि सांगा. येत नसेल तर उद्या देवळात विचारून सांगा. आणि तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, स्मरण गेलं असेल, तर त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या ओळखीची आरती म्हणा. उत्तर येईल न येईल, तुम्ही म्हणत राहा.

श्रीगुरुचरणी हे शब्द अर्पण.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥